आठ गाड्या

हॅनफर्ड, आयोवा
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९०९

ती. हेस्टरताईस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

आज मका खुडून संपला. गेल्या गुरुवारी उजाडताना आठ गाड्या फाटकातून आत आल्या आणि रविवार सोडून रोज येत राहिल्या. आज चार वाजता शेवटची गाडी कोठारापाशी रिकामी झाली. थंडी होती, वारा नव्हता. लेव्हीला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

तू अंत्यविधीला आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे बोलणं झालं नाही. आता थोडं लिहिते. खालच्या शेताच्या टोकाला, जिथून सगळं पाणी ओढ्यात सोडायचं होतं, तिथला चर माणसाच्या उंचीहून खोल खणावा लागत होता. लेव्ही जेवायला आला नाही म्हणून मी बघायला गेले. तिथं चर नव्हता. ओली माती होती आणि काठावर त्याचा कोट घडी घालून ठेवलेला होता. यापुढे याबद्दल लिहिणार नाही.

तुमच्या शेताचं काम टाकून एमरीभावजी पाचही दिवस इथंच राहिले. शनिवारी सगळे जेवायला बसले असताना त्यांनी एकट्यानं जाऊन लेव्हीला काढताना उकरलेला तो चर बुजवला आणि जमीन सारखी केली. मला काही बोलले नाहीत, येऊन फक्त सफरचंदाच्या पायचा आणखी एक तुकडा मागितला. मला त्यांचे आभार मानता आले नाहीत. ते तू मान.

शेजारी मनापासून राबले. म्हातारे पर्डी भावजींना म्हणाले, की एमरी, तू कणीस सोलतोस की त्याच्याशी हात मिळवून ख्यालीखुशाली विचारतोस. भावजी म्हणाले, की काका, तुमची निम्मी कणसं गाडीवरून पलीकडे जाऊन पडतात, ती उचलण्यातच माझा दिवस जातो. बायकांनी कोंबडी, शेवया, लोणची आणली. मला चुलीजवळ उभं राहू दिलं नाही. गाडीच्या फळीवर कणसं आपटण्याचा आवाज पाच दिवस घरात येत होता. तो थांबला तेव्हा विनी म्हणाली, की आई, आता कान दुखतात.

खालचं चाळीस एकर बघायला सगळे गाड्या थांबवून उभे राहिले. आम्ही आलो तेव्हा तिथं बदकं पोहायची. पाणी काढायला जमिनीखाली पुरायच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या मालकानं घेऊन दिल्या, खणणं लेव्हीचं. चार वर्षं दर पानगळीला तो खणायचा आणि मी आखणीच्या दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहायचे. आता वरून काही दिसत नाही, नुसता मका दिसतो. भावजी तिथं बराच वेळ उभे होते. माती हातात घेऊन त्यांनी मुठीत दाबून बघितली.

मी इथंच राहायचं ठरवलं आहे. एक गडी ठेवीन. विनी पंधरा वर्षांची आहे, गाई ती बघते. जमीन मालकाची आणि आम्ही कूळ, पण सात वर्षांत कधी कागद झाला नाही. पाचांतले दोन वाटे मका मालकाचा म्हणून गावात पोचवला, की त्यांचे कारभारी मिस्टर क्रँडल हात पुढे करायचे आणि लेव्ही हात मिळवायचा. तेवढ्यावर पुढचं वर्ष ठरायचं. १ मार्चला या मुलखातली निम्मी कुळं सामान लादून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातात. आम्ही मात्र सात वर्षं दारात उभं राहून त्यांना हात केला. या वेळी मका पोचवून मी हात मिळवीन. मका पोचायच्या आधी जाऊन विचारणं बरं दिसत नाही.

विनीचा तुम्हा सर्वांना नमस्कार. माया आहे ती असू दे.

तुझी,
ऑर्फा


मिल क्रीक
बुधवार, १७ नोव्हेंबर १९०९

चि. ऑर्फीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोटाचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकून आले. तू लिहिणार नाहीस म्हणालीस, मी विचारणार नाही.

हे परत आले ते मनगटं सुजवून. गावावरून आले, त्यामुळे दिवेलागण झाली. गावात काय काम होतं विचारलं, तर घोड्याच्या साजाचं म्हणाले. साज होता तसाच आहे. तुझे आभार पोचवले, तर मान हलवून बाहेर गेले. तुझ्या सफरचंदाच्या पायची मात्र तारीफ केली. सतरा वर्षांत माझ्या पायला जो माणूस बरा आहे एवढंच म्हणतो, त्याला मी म्हटलं, की मग जाऊन तिथंच राहा. तर ताटावरून उठले. पूर्वी असल्या थट्टेला हसायचे. यांना काय झालंय कळत नाही.

आता आमचं. तुझ्यावर एवढं कोसळलेलं असताना सांगू नये, पण लपवूनही उपयोग नाही. आमच्या मालकानं शेत विकलं. नव्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला इथं बसवणार आहेत. आम्हाला १ मार्चला निघायचं आहे. चार पोरं आणि अकरा गाई घेऊन कुठं, ते देवाला माहीत. हे जिथं जातात तिथं आधीच दहाजण टोपी हातात घेऊन उभे असतात. धाकटा रोज विचारतो, की नव्या घरी माझी मांजर चालेल ना. मी चालेल म्हणते.

क्रँडलकडे एकटी जाऊ नकोस. शेजारी पुरुष उभा असला, की असल्या लोकांचा आवाज खाली येतो. मी यांना म्हटलं, की तुम्ही ऑर्फीबरोबर जा. म्हणाले, की गाय व्यायला झाली आहे. गाय जानेवारीत व्यायची आहे. थकलेत, दुसरं काय. पण मी पाठवते, तू थोडी थांब.

गरम कपडे घालत जा. लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
हेस्टरताई


हॅनफर्ड
शनिवार, २७ नोव्हेंबर १९०९

हेस्टरताईस,

काल मी गावात गेले. मका मंगळवारीच पोचला होता, म्हणून थांबले नाही.

मिस्टर क्रँडल उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, शेगडीजवळ सरकवली. लेव्हीसारखा माणूस होणे नाही म्हणाले. मी हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं थोपटला. मग म्हणाले, की बाई, शेत तर दुसऱ्या कुळाला देऊन झालं.

मला वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या शेताबद्दल बोलतायत. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, की नाही, तुमचंच. बाईमाणसाच्या हातात मालक शेत ठेवणार नाहीत, आणि मागणारे इतके आले, की त्यांना निवड करावी लागली. मी विचारलं, की कोण आले. सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. तुमच्याकडे मका खुडायला आले होते त्यांतलेच पाच, म्हणाले. हाताची पाच बोटं वर केली. एकजण लेव्हीला पुरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. एकजण मका खुडून थेट आला, कणसं सोलायची आकडी अजून मनगटाला बांधलेली होती. हे सांगताना ते हसले. मग नावं घेतली. पर्डी, नॉर्टनचे दोघे भाऊ, आणि चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसणारा वॉर्नर. चार झाली. पाचवं बोट तसंच वर होतं.

ज्याला दिलं त्यानं अर्धा मका द्यायचं कबूल केलंय, म्हणाले. लेव्ही पाचात दोन देत होता. मी विचारलं, की तो कोण. ते म्हणाले, की तुम्हाला आनंदच व्हायला हवा, घरातल्या घरात राहतंय.

मी नमस्कार करून बाहेर आले. बोलायचं सुचलं ते पुलावर आल्यावर, तेही आता आठवत नाही.

चार मैल चालत आले. वाटेत त्या सगळ्यांची घरं लागतात. पर्डीकाकूंनी दारातून हाक मारली, की गारठून मरशील पोरी, आत ये, कॉफी घे. मी आत गेले. कॉफी घेतली. त्यांनी विनीसाठी लोकरीचे मोजे दिले, तेही घेतले. काका गोठ्यातून आलेच नाहीत.

माझं एकच विचारणं आहे. तुला माहीत होतं का? होय किंवा नाही, एवढं कळव.

ऑर्फा


मिल क्रीक
बुधवार, १ डिसेंबर १९०९

ऑर्फे,

नाही. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, नाही.

तुझं पत्र जेवणाच्या वेळी आलं. मी ते ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, की हे खरं का. एमरीनं काटा खाली ठेवला. पोरांना बाहेर पाठव म्हणाला. मी म्हटलं, की थंडी आहे, पोरं बसतील, तू बोल.

दहा तारखेला त्यानं कागदावर सही केली. नऊला तुझ्या टेबलाशी जेवला होता. म्हणाला, की क्रँडलनं सांगितलं, विधवा गावात राहायला जाणार आहे, शेत कुणालातरी जाणारच. पर्डीनं अर्धा कबूल केलाय, तूही कर नाहीतर वाट सोड. म्हणाला, की त्या खालच्या शेतात उभा होतो तेव्हा मनात पोरांशिवाय काही नव्हतं. तुला विचारायला हवं होतं, हे त्याला तेव्हाच कळत होतं, म्हणाला. चर बुजवून आला तो आपण शेत मागणार, हे तुला सांगायलाच. तुझं तोंड बघून पायचा तुकडा मागितला.

मी दोन दिवस त्याच्याशी बोललेले नाही. जेवायला वाढते. तो म्हणतो, की ऑर्फा आणि विनीनं मागच्या खोलीत राहावं, घर त्यांचंच आहे. मी ऐकून घेते. कोणाचं घर कोण कोणाला देतंय, माझं डोकं चालत नाही.

तू सांगशील ते करीन. तू म्हणालीस तर त्या घरात पाऊल टाकणार नाही. पण मग १ मार्चला मी चार पोरं घेऊन कुठल्या दारात उभी राहू, तेही सांग. हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क राहिला का, ते तूच कळव.

हेस्टर


मिल क्रीक
शनिवार, १९ फेब्रुवारी १९१०

चि. ऑर्फास,
आशीर्वाद.

अकरा आठवड्यांत तुझी एक ओळ नाही. नाताळला पाठवलेलं लोणी पोचल्याचं विनीनं कळवलं, अक्षर तिचं होतं. तू घरातली भांडी बांधतेयस आणि गावात मिसेस ग्रीरच्या खानावळीत तुला स्वयंपाकाचं काम मिळालंय, हे मला पाववाल्याकडून कळलं.

जानेवारीत मी लिहिलं होतं, की नळ्या कुठून कुठून गेल्यात ते क्रँडलला माहीत नाही, एमरीलाही नाही. एखादी तुंबली तर कुठं खणायचं, आणि नाही खणलं तर एप्रिलात चाळीस एकर पाण्याखाली. क्रँडल तुझ्याकडे नकाशा मागायला येईल, तू सावध असावीस, एवढ्यासाठीच लिहिलं. तू सांग असं मी म्हटलं नव्हतं, आताही म्हणत नाही.

पण गुरुवारी जे झालं त्याचा मला उलगडा होत नाही. क्रँडलनं आम्हा दोघांना बोलावलं. एमरीचा आधीचा कागद एका वर्षाचा होता. तो फाडला आणि नवा पुढे केला, तीन वर्षांचा, आणि पाचात दोनचाच. खाली सहीला दोन जागा. एक एमरीची आणि एक माझी. आमच्या सात पिढ्यांत बाईनं शेताच्या कागदावर सही केलेली नाही. मला वाटलं, काहीतरी फसवणूक आहे. मी हातमोजा काढायलाच तयार नव्हते. क्रँडलचं तोंड कारल्यासारखं झालं होतं. एमरीनं विचारलं, की हे कशासाठी, तर म्हणाला, की तुमच्या मेहुणीला विचारा.

म्हणून विचारते. तू काय केलंस, ऑर्फे?

वाट बघते. रागावलेलीस तरी चार ओळी लिही.

तुझी,
हेस्टरताई


हॅनफर्ड गाव, मिसेस ग्रीरची खानावळ
मंगळवार, १ मार्च १९१०

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

काल आम्ही घर सोडलं. सामान पर्डींच्या गाडीतून आलं. आज सकाळपासून या खिडकीखालून गाड्या जातायत, कुणाचे पलंग, कुणाच्या कोंबड्या. तुमची गाडी इथून जाणार नाही, तुमची वाट उत्तरेची. मी बघत बसले नाही, मला पस्तीस माणसांचे बटाटे सोलायचे होते.

तू विचारलंस ते सांगते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात क्रँडल आले. विनीसाठी संत्री आणली होती. नकाशा मागितला. मी म्हटलं, की नकाशा नाही. ते खरंच आहे. लेव्हीनं कधी कागदावर काढलं नाही. दोरी धरून मी चालले, तेवढंच. ते म्हणाले, की नळ्या मालकाच्या, तेव्हा त्या कुठं आहेत ही माहितीही मालकाची. मी म्हटलं, की मग मालकांनी येऊन त्यांची माहिती शोधून घ्यावी. ते गाडीत जाऊन बसले आणि परत उतरले.

आधी मी शेत मागितलं, माझ्यासाठी. ते म्हणाले, की एमरीचा कागद झालेला आहे, आता मोडला तर तो कोर्टात जाईल. नळ्या दाखवल्यात तर मे महिन्यापर्यंत घरात राहा, म्हणाले, पैसे न देता. मी विचार करते म्हटलं. तो आठवडा मी नीट झोपले नाही.

त्याच आठवड्यात पर्डीकाका आले. टोपी काढून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, की पोरी, मी मागायला गेलो हे खरं, माझंही शेत डोंगरउताराचं आहे, सगळं वाहून जातं. पण अर्धा मी कधीच म्हटलं नाही. मला क्रँडल म्हणाला, एमरीनं अर्धा कबूल केलाय. मी तिथंच उठलो. ताई, एमरीला सांगितलं पर्डीनं कबूल केलाय, पर्डीला सांगितलं एमरीनं. कुणीच म्हटलेलं नव्हतं. मी काकांना बसायला सांगितलं. ते बसले आणि त्यांचं लक्ष माझ्या टेबलाच्या पायाकडे गेलं. तो डुगडुगत होता, खिळा मागून तो त्यांनी ठोकून दिला.

क्रँडल परत आले तेव्हा मी माझं म्हणणं सांगितलं. तीन वर्षं, लिहून, जुनाच वाटा, आणि कागदावर हेस्टरचं नाव. ते हसले. बायकोचं नाव शेताच्या कागदावर कुणी घालत नाही, म्हणाले. मी म्हटलं, की घालत नाहीत म्हणूनच मी तुमच्यापुढे उभी आहे. एप्रिलात पाणी साचेल तेव्हा मालकांना कळवा, की मी खानावळीत असते. त्यांनी मालकाला पत्र लिहिलं असावं. बारा दिवसांनी मला तुमचा कागद दाखवायला आणला.

नाव घातलं ते तुझ्यासाठी. उद्या एमरीला काही झालं, तर तुला त्या शेगडीजवळच्या खुर्चीत बसवून कुणी नावं वाचून दाखवू नयेत. एमरीला मी माफ केलेलं नाही. त्याला सांगू नकोस, त्याला कळतं. त्यानं माती सारखी केली ते मनापासून केलं, हेही मला कळतं. दोन्ही गोष्टी मला एका जागी ठेवता येत नाहीत. मागच्या खोलीत मी येणार नाही. तू इकडे येत जा. बुधवारी दुपारी मला दोन तास मोकळे असतात.

रविवारी मी खालच्या शेतात गेले होते. जमीन दगड झाली आहे, खुंटी जात नाही. म्हणून पिठाच्या पोत्यांच्या चिंध्या केल्या आणि मक्याच्या उभ्या ताटांना बांधत गेले, दर वीस पावलांवर एक. मुख्य नळीवर दोन गाठी, बाजूच्यांवर एक. सुरुवातीला दोनदा चुकले. मग वर बघायचं सोडलं आणि नुसती चालले, तेव्हा बरोबर आलं. बर्फ उतरला, की ताटं मोडायच्या आधी तिथं खुंट्या ठोकून घ्या. ओढ्याकडच्या टोकाला चिंध्या थांबतात. त्याच्यापुढे नळी नाही. तीस नळ्या कुंपणाशी रचून ठेवल्या आहेत. ते काम करायचं तर दोन माणसं लागतात आणि बाजूला फळ्या लावाव्या लागतात. एकट्यानं उतरायचं नाही, हे मात्र एमरीला माझ्या नावानं सांग.

विनी बरी आहे. धाकट्याला सांग, मांजराला कोठारात उंदीर भरपूर आहेत. माझं लिहिणं कमी झालं तरी लोभ कमी झाला असं समजू नकोस. तुझा कायम असावा.

तुझी,
ऑर्फा

ता. क. – स्वयंपाकघर धुवायला लगेच घेऊ नकोस. काल विनीला गाडीत बसवून पुढे पाठवलं आणि मी मागे राहिले. चुलीवर होतं तेवढं पाणी बादलीत घेतलं, भिंतीपासून जमिनीच्या फळ्या घासायला सुरुवात केली आणि मागं मागं सरकत दारापर्यंत आले. उरलेलं पाणी पायरीवर टाकलं नाही, त्याचा बर्फ होतो. अंगणापलीकडे नेऊन फेकलं, बादली पालथी घातली आणि दार ओढून घेतलं.